थांबलेली खुडणी

"गणपती बसले, उठले, बुडाले. दसरा पण झाला. आता ही बाय कोणाचे डोळे रंगवीत बसलीय तिकडं?"

हौसा हे मला म्हणाली नव्हती, तुळशीच्या झाडाला म्हणाली होती. तिची रीतच ती. ज्याला ऐकवायचं त्याच्याकडे पाठ करायची आणि गाईला, तांब्याला, नाहीतर समोर जे असेल त्याला सांगायचं. आमच्या दोघींच्या मध्ये तुळशीची एकच ओळ होती, त्यामुळे झाडाच्या आधी मीच ऐकलं. ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. गणपतीपासून आमच्या घरात सगळ्यांना त्याचा चांगला सराव झाला होता.

"हळू बोल," मी म्हटलं. "वैनी तिथं बसलीय."

"मी कुठं काय बोलले? मी आपली अळीला शिव्या देत होते."

अळीला शिव्या द्यायला मात्र कोणाची हरकत नव्हती. निडी गावाच्या वरच्या अंगाला, जिथे भात होत नाही अशा वरकस जागेत आमच्या सगुणावैनीच्या घरचा हा तुळशीचा मळा. दहा पानांतली सहा-सात पानं गुंडाळलेली. ही अळी मोठी हुशार. पान मधोमध दुमडायचं, कडांना रेशमाचे टाके घालायचे आणि आत बसून हिरवं तेवढं खरवडून खायचं. मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, मला टाका कळतो. इतकी बारीक टीप मला अजून येत नाही. पान उलगडलं की आत सुईएवढी पोपटी अळी मागे मागे वळवळत जाते आणि धाग्याला लोंबून खाली उडी घेते. उरते ती पानाची तपकिरी जाळी आणि मोहरीहून बारीक काळी घाण. संध्याकाळी झाड हलवलं की भुश्याच्या रंगाची चिमुकली पाखरं भुर्रकन उठतात आणि दोन हातांवर जाऊन पुन्हा पानाखाली शिरतात. ती या अळ्यांची आई. बघायला इतकी गरीब, की मारायला हात उचलत नाही.

वैनी मळ्याच्या वरच्या टोकाला उकिडवी बसून एकेक पान उलगडत होती. आतली अळी काढून डालड्याच्या डब्यातल्या पाण्यात टाकायची आणि पान पुन्हा सारखं करून सोडून द्यायची, जसं काही ते इस्त्री केल्यावर नवं होणार होतं. गेले कित्येक दिवस ती हेच करत होती. एवढ्या मोठ्या मळ्यात एका बाईने अळ्या वेचणं म्हणजे वाटीने खाडी उपसणं. पण तिला कोण सांगणार? माझी ती चुलत जाऊ, माझ्याहून मोठी, आणि आधीच कमी बोलणारी. त्यात यंदा तिला काही सांगायचं म्हणजे काय सांगायचं नाही याचीच यादी मनात आधी करावी लागे.

मळा तिच्या सुनेचा, भूमिकाचा. म्हणजे जमीन घरची, पण ध्यास हिचा. भूमिका हमरापूरची. तिकडे घरोघरी गणपतीच्या मूर्ती होतात, पोरं चालायला लागली की हातात ब्रश येतो. गणपतीच्या घरची मुलगी आमच्याकडे येऊन तुळशीच्या मागे लागली तेव्हा आम्ही तिची फार चेष्टा केली. गणपतीचं आणि तुळशीचं जुनं वाकडं, वर्षातला चतुर्थीचा एक दिवस सोडला तर तो तिला जवळ करत नाही. "तू दोन्हीकडनं जेवतेस गो," असं मी म्हणायचे. ती म्हणायची, "काकी, भांडणाऱ्यांच्या मधे राहायची मला सवय हाय, माहेरी चार भाऊ हायेत."

पेणचा हर्षद नावाचा मुलगा काढ्यासाठी आणि चहासाठी औषधी पाला गोळा करतो. तो टेम्पो घेऊन येतो आणि सावलीत वाळवलेला पाला नेतो. अट एकच, औषध फवारलेला पाला चालत नाही. भूमिकाने त्याच्याशी बोलणी केली, रोपं केली, आम्हा सात-आठ बायकांना खुडणीला बोलावलं. पहिल्या दिवशीच सगळं अडलं. हौसा म्हणाली, रविवारी तुळस खुडत नाहीत. दुसरी म्हणाली, एकादशीला नाही. तिसरी म्हणाली, बारशीला तर नाहीच नाही. मग, दिवस कलल्यावर नाही, नखाने नाही, न विचारता नाही. हर्षद कपाळाला हात लावून म्हणाला, "मावशी, मग खुडता कधी?" भूमिका हसली नाही. तिने सगळं मान्य केलं. एकादशी सोडली, रविवार सोडला, बायकांना लहान कातऱ्या आणून दिल्या, आणि रोज सकाळी मळ्यात शिरताना सगळ्यांनी पहिल्या झाडाला हात जोडायचे असं ठरवून टाकलं. तेव्हापासून खुडणी अशी चालली, की हर्षदला टेम्पो मोठा आणावा लागला.

मग भूमिकाला दिवस गेले. आठवा सरत आला होता. श्रावण संपता संपता एका सकाळी तिला पोटात काही हलत नाही असं वाटलं. निकेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, शिफ्ट सोडून तिला दवाखान्यात नेलं. पोट उघडावं लागलं. बाळ आतच गेलेलं होतं.

मी हे इथे एका ओळीत लिहिलं, पण आमच्या घरात ते असं एका ओळीतही कोणी बोललं नाही. "ते झालं तेव्हा" असं म्हणत. "भूमिकाची तब्येत" असं म्हणत. मुलगा होता का मुलगी, हे मलाही ठाऊक नव्हतं. विचारायचं कसं? भूमिका शुद्धीवर आली तेव्हा तिला बाळ दाखवलंच नाही. आमच्या नात्यातल्या दोन शहाण्या बायका दवाखान्यात होत्या, त्यांचं म्हणणं, बघितलं की जीव अडकतो, नका दाखवू. पुंडलिकभावोजी, म्हणजे वैनीचे मालक, आणि निकेश बाळाला कापडात गुंडाळून घेऊन गेले आणि मोकळ्या हाताने परत आले. गावातल्या जाणत्यांना विचारलं तर ते म्हणाले, जे जन्मलंच नाही त्याचं सुतक कसलं? घरात गणपती येऊ दे, मन रमेल. मग गणपती आला. मखर झालं, आरत्या झाल्या. भूमिका टाके घातलेलं पोट धरून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. ती काही न बोलता त्यात बसली.

नळावर कोणीतरी विचारलं, सून दिसत नाय? तर वैनीच्या तोंडून निघून गेलं, "रंगकामाला गेलीय माहेरी." आता गणपती पाण्यात गेल्यावर हमरापूरला कसलं रंगकाम? आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण निघालं ते निघालं. मग घरातल्या सगळ्यांनी तेच धरलं. कोणीतरी त्याला माघी गणपतीचं ठिगळ जोडलं. मी पण दोन जणींना अगदी डोळ्यांत बघून सांगितलं, की माघी गणपतीच्या ऑर्डरी यंदा लवकर आल्यात. खोटं बोलायचं तर आखीव रेखीव बोलावं, ही माझी शिलाईतली सवय.

त्या दिवशी दुपारी वैनीच्या ओटीवर निकेश पाय धूत होता. तो रोह्याजवळ कंपनीत आहे, पहिल्या शिफ्टहून आला होता. हर्षदचा फोन येऊन गेला होता: असला जाळीचा पाला मी घेऊ शकत नाही, काय ते लवकर करा.

"आई, मी उद्या सुट्टी टाकतो," निकेश तांब्याकडे बघत म्हणाला. "नांगर फिरवतो. जागा मोकळी करू. वाल टाकू."

"मळ्यावर नांगर?" वैनी म्हणाली.

"मग काय करायचा? अळी सगळ्या गावाच्या तुळशीवृंदावनात गेली. लोक मला वाटेत धरून बोलतात."

"तिला विचारू आधी."

"फोटो पाठवलावता काकीनं."

पाठवला होता मी. मोबाइलवर गुंडाळलेल्या पानाचे तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'भूमिका ही कसली अळी, काय करू.' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

"तू बोलतोस ना रोज तिच्याशी?" मी निकेशला विचारलं.

"बोलतो."

"काय बोलतोस?"

"जेवलीस काय विचारतो. ती म्हणते, जेवले. ती विचारते, शिफ्ट कुठली. मी सांगतो." त्याने पाय पुसले, मग पुसलेले पाय पुन्हा पुसले. "काकी, ती येणार असती तर आली असती. मळा ठेवून काय करायचा?"

पुंडलिकभावोजी झोपाळ्यावर बसले होते, ते उठून गोठ्यात गेले. गोठ्यात गुरं नव्हती, चरायला गेली होती.

वैनीने पदर खोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "निशी, सकाळी गाडी कधीची हाय पेणला?"

माझं नाव निशिगंधा. हे पूर्ण नाव माझ्या लग्नपत्रिकेनंतर कोणी उच्चारलेलं नाही.

"कशाला?"

"फांदी दाखवून येऊ. ती मळा नको बोलली तर नांगर फिरव," ती निकेशला म्हणाली. "ती बोलेपर्यंत मळ्यात पाय टाकायचा नाय."

सकाळी निडी स्टेशनवर आम्ही दोघी. वैनीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि हातात एक कापडी पिशवी. तिच्यात वाल, तांदळाचं पीठ, सुकवलेली चिंच, आणि सगळ्यांत वर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुळशीची अळी पडलेली फांदी. प्लॅटफॉर्मवर आम्ही सोडून एक कुत्रं आणि दोन दुधाचे कॅन होते.

"एवढं वाण घेऊन चाललीस, भांडायला का मागणी घालायला?" मी म्हटलं.

"रिकाम्या हातानं जायचं काय इवायाच्या दारात, सुनेच्या माहेरी?"

गाडीत खिडकी मिळाली. नागोठण्याला एक ओळखीची बाई चढली आणि समोर येऊन बसली. "कुठं दोघी जावा?" "पेणला." "बाजाराला?" "व्हय." "सून बरी हाय का? रंगकाम चालू हाय म्हणे?" वैनीने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. मी म्हटलं, "चालू हाय तर. यंदा माघी गणपती मोठे हायेत." बाईने माझ्याकडे बघून "हां" केलं. त्या "हां"मध्ये तिला सगळं माहीत असल्याचं मला कळलं आणि मला कळल्याचं तिलाही कळलं. मग आम्ही तिघींनी पोह्याच्या पापडांवर बोलून घेतलं.

बाई कासूला उतरली. शेतं पिवळी पडली होती, कुठे कुठे कापणीला हात लागला होता. वैनी बाहेर बघत म्हणाली, "निशी, ती काय म्हणेल गो?"

"कापा म्हणेल, नाहीतर ठेवा म्हणेल."

"मळ्याचं नाय विचारत मी."

मला ते कळत होतं. पण मी म्हटलं, "मळ्याचंच विचारायला चाललोय ना आपण?" ती पुन्हा बाहेर बघायला लागली. आम्हा बायकांचं हे असं. दार कोणी लोटलं की आपणच आतून कडी लावायची.

पेणला उतरून सहा आसनी मिनीडोरमध्ये कोंबून हमरापूरला पोहोचलो. गणपतीआधी त्या गावात पाय ठेवायला जागा नसते, दारात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला रांगेने गणपती. आता सगळे मांडव रिकामे. फक्त काही घरांत पुढच्या वर्षासाठी साचे धुवायचं, पहिले नग काढायचं काम सुरू झालं होतं. पांढऱ्या मातीचा वास होता आणि कुठेतरी मोबाइलवर गाणं लागलं होतं.

भूमिका कारखान्यात होती. कारखाना म्हणजे घराच्या बाजूचा पत्र्याचा लांबट मांडव. ती खाली पोतं टाकून बसली होती, मांडीवर वीतभर गणपती आडवा, आणि पॉलिश पेपरने ती त्याच्या पाठीवरची साच्याची रेघ घासून काढत होती. रंगकाम नव्हतंच, पण काम खरंच होतं. वैनीला ते बघून केवढा आधार वाटला असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, म्हणजे आपण अगदीच खोटं बोललो नाही.

भूमिका गणपती बाजूला ठेवून उठली. हात पदराला पुसून आमच्या पाया पडली. वाळली होती. केसांत पांढरी धूळ, त्यामुळे एकदम माझ्या वयाची दिसत होती.

"बसा ना. आई पेणला गेलीय बाजारात. बाबा हायेत."

बाबाजी, तिचे वडील, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला साच्याला तेल लावत होते. त्यांनी तिथूनच हात जोडले, "या विहीणबाई, या," म्हणाले, आणि चहा सांगायला म्हणून जे आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. शहाणा माणूस.

"बरी हायेस?" वैनीने विचारलं.

"बरी हाय. तुमचा गुडघा?"

"हाय. चालतोय."

"मामा?"

"हायेत. झोपाळ्यावर."

एवढं झाल्यावर दोघींकडचं संपलं. भूमिका गणपती पुन्हा मांडीवर घेऊन बसली. मी मधेच म्हटलं, की वाल आणलेत, यंदाचे नाहीत, गेल्या सालचे, पण चांगले शिजतात. भूमिका "हो काकी" म्हणाली. चहा आला, बशीत ओतला, प्यायला. पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज ऐकू येत होता.

शेवटी वैनीने फडकं सोडून फांदी बाहेर काढली. "हे बघ ना जरा. सगळा मळा असाच झालाय. निकेश नांगर फिरवतो म्हणतो."

भूमिकाने फांदी घेतली. मी तिच्या हाताकडे बघत होते. तिने एक गुंडाळलेलं पान दोन बोटांत धरून अंगठ्याने हलकेच टाका मोडला, पान उघडलं. अळी मागे सरकली. तिने दुसरं उघडलं. त्यात अळीचा तपकिरी कोश झाला होता. तिसरं उघडलं, ते नुसतं रिकामं कवच.

"नांगर नको," ती म्हणाली. "हातभर बुंधा ठेवून सगळं कापून टाका. कापलेलं मळ्यात ठेवू नका, बाहेर नेऊन जाळा. आणि मग निंबोळीचं पाणी मारा, ते हर्षदला चालतं. बुंधे फुटतील परत."

"तू येऊन काप ना."

"निकेश कापील. सोप्पं हाय."

"त्याला नाय जमायचं. तो बुंधासुद्धा ठेवणार नाय."

"मग काकी हाय."

वैनीने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या बशीत बघितलं. मला वाटलं संपलं. जे विचारायला आलो होतो त्याचं उत्तर मिळालं, जे विचारलं नाही त्याचंही मिळालं. पावणेबाराची गाडी मिळेल का, असला हिशोब मी मनात करायला लागले.

पण भूमिकाने फांदी खाली ठेवली नाही. ती उजेडाकडे धरून फिरवत होती, खालून वर, एकेक पेर बघत. तिच्या कपाळाला ती बारीक आठी पडली, जी रोपं मोजताना पडायची.

"पण एवढी झाली कशी?" ती स्वतःशीच म्हणाली. "या अळीचं पाखरू शेंड्याच्या कोवळ्या पानात अंडी घालतं. आपण तर शेंडेच खुडतो. आठवडा-आठवड्याला शेंडा गेला, की अंडं पण गेलं. गेल्या साली पण होती थोडी, खुडता खुडता संपली." तिने मान वर केली. "खुडणी बंद होती काय?"

"मधे पाऊस होता गो," वैनी म्हणाली.

"पावसात खुडलंय आपण. इरलं घेऊन खुडलंय."

"हर्षदची गाडी नव्हती."

"गाडी आलीवती की," मी म्हणाले. म्हणून गेले. कधी गप्प बसावं हे मला कळतं, पण नेहमी एक वाक्य उशिरा. "दोनदा रिकामी गेली. बायका भांडल्या तुझ्याशी वैनी, आमची मजुरी बुडते म्हणून. तू म्हणालीस झाडांना विसावा देऊ."

"कधी काकी?" भूमिकाने विचारलं. "कधी बंद केली?"

मला आठवावं लागलं. "तू दवाखान्यात होतीस ना, तेव्हापासनं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कातऱ्या घेऊन आल्यावत्या, वैनीनं बांधावरनंच परत पाठवल्या. मग गौरी गेल्यावर केव्हातरी सुरू झाली."

मी हे बोलत होते आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. यंदा गणपतीला नैवेद्याचे मोदक मी वळले होते. वैनीने सांगितलं होतं हात दुखतोय. आरतीला ती उभी राहिली नव्हती, म्हणाली गुडघा. दारातल्या तुळशीला पाणी घालायला तिने मला रोज सकाळी बोलावलं होतं आणि मी मनात म्हटलं होतं, बाईला आता वय झालं. रोज सकाळी ती स्वतः ओटीच्या पायरीवर बसून राहायची, डोक्यावरनं पदर घेऊन, आणि मी पाणी घालताना तुळशीकडे बघायचीसुद्धा नाही.

भूमिका वैनीकडे बघत होती.

"आई, का बंद ठेवलीवती खुडणी?"

वैनीने पिशवीचे बंद सोडले आणि पुन्हा गुंडाळले.

"आई."

"सुतकात तुळशीला हात लावत नाय," वैनी म्हणाली. इतक्या हळू, की कावळा अजून पत्र्यावर असता तर मला ऐकू आलं नसतं.

मांडीवरचा गणपती भूमिकाने उचलून बाजूला पोत्यावर ठेवला. नीट आडवा ठेवला, कलंडू दिला नाही. मग तिचा आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"सुतक? कसलं सुतक? घरात गणपती आणलात तुम्ही. दिव्यांच्या माळा लावल्यात. मी आत पडून आरती ऐकली ना, सगळ्या आरत्या ऐकल्या, टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं, काय झालंच नाय या घरात. मीच एकटी येडी, काय झालंय म्हणून पडलेय."

"गणपती त्यांनी आणला. मी नाय त्याला हात लावला. विचार हिला." वैनीने माझ्याकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघितलं मात्र नाही. "सगळी म्हणाली सुतक नसतं. नसेल त्यांच्यात. मी कोणाला बोलले नाय. माझं मी धरलं. पण मळा तुझा, तुळस तुझी, मी कशी त्यात पाय टाकू, बायकांना तरी कसं टाकू देऊ? म्हणून पाखरं बसली गो. माझ्यामुळं बसली. मला ठाऊक होतं बसतायत."

"कोणाचं सुतक, आई?"

हे विचारताना भूमिकाचा आवाज एवढासा झाला होता. ती पोत्यावरून पुढे सरकली होती आणि तिचे धुळीने पांढरे झालेले दोन्ही हात वैनीच्या गुडघ्यावर होते, ठेवणीतल्या लुगड्यावर. आतल्या दाराशी बाबाजी येऊन उभे राहिले होते, हातात रिकामा कप. या प्रश्नाभोवती आम्ही सगळे इतके दिवस पाऊल चुकवून चाललो होतो, दवाखान्यात, ओटीवर, नळावर, आगगाडीत.

वैनीने सुनेचे हात आपल्या हातांत घेतले.

"माझ्या नातीचं," ती म्हणाली. "मुलगी होती, भूमिका. त्यांनी न्यायच्या आधी माझ्या हातात दिलीवती. काळेभोर केस होते गो डोक्यावर, ओले. मी पदरानं पुसले. आपली मुलगी मेली."